कुपाटीपलीकडची आक्का

आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन मी करवलं. मीच तिला गाडीत घालून सोलापूरला नेलं, दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो, नंतर घरी ठेवून घेऊन वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घातले. गावात तेव्हा कुणी भेटलं की हे बोलून दाखवायचं आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

खरी गोष्ट अशी आहे की ऑपरेशनची तारीख आधी ठरली, आणि ती ठरल्यावर त्याच दिवसासाठी मी जेसीबी सांगितला. आक्का डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली असताना तिच्या आणि माझ्या शेतांमधली कुपाटी मी मुळासकट काढून टाकली. ही चूक माझी. ड्रायव्हरची नव्हती, गैरसमजातून झाली नव्हती, घाईत तर अजिबात झाली नव्हती. चांगली विचार करून केली होती.

आमचं शेत अक्कलकोटच्या बाजूला आहे. तिकडची माणसं भांडण मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. आक्काही तशीच. ती माझी नात्यानं कुणी नव्हती. आमचा बांध एक, एवढंच. तिची एक मुलगी कुर्डुवाडीला दिलेली, नवरा जाऊन जमाना झालेला. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ती शेतात फिरायची. एका खिशात तंबाखू, दुसऱ्यात सागरगोटे. कुपाटीत कुठं खिंडार दिसलं की तिथं टाचेनं माती उकरून एक सागरगोटा पुरायचा आणि वर शिवी हासडायची. शिवी दिली की उगवतं, असं तिचं म्हणणं.

कुपाटी म्हणजे कुंपण, पण तारेचं नव्हे. जितं. शेर, बोराटी, घायपात, मधे सागरगोट्याचं जाळं, त्यावर गुळवेल, श्रावणात कर्टुल्याचे वेल. माणूस उभा राहिला तर पलीकडचा दिसत नसे. ती कुणी लावली ते आक्कालाही माहीत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा होतीच. दरवर्षी सुगी उरकली की ती हातात बेळकं घेऊन, म्हणजे काटे ढकलायची ती टोकाला दोन फाटे असलेली काठी घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. बाहेर आलेल्या फांद्या आत वळवायची, विरळ जागी बोराटीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, कोंबायची. गावात कुणी विचारलं, आक्का कुठं चाललीस, तर म्हणायची, "येणीफणी राहिलीया तिची."

त्या झाडांशी तिनं नाती लावून ठेवली होती.

"शेर म्हंजे सासरा," ती सांगायची. "लांबनं नमस्कार करायचा. चीक डोळ्यात गेला तर गेलाच डोळा. बोर म्हंजे जाऊ. वरबाडती, पर पोराबाळास्नी खायाला बी देती."

"आणि घायपात?"

"घायपात म्हंजे नवरा. जलमभर ताठ उबा. वाकायचं नाव न्हाय. आन् एकदा का डोस्क्यावर तुरा आला, की मेला."

तिचा नवरा ज्या वर्षी सरपंच झाला त्याच वर्षी वारला होता. हे सांगताना ती मोठ्यानं हसायची. आपण हसावं की नाही ते कळायचं नाही.

आता तिची खरी तऱ्हा सांगतो. आक्का माणसाशी तोंडासमोर फार बोलत नसे. तिच्या वस्तीवर गेलात तर "कुणाकडं आलायसा?" असं तिऱ्हाइतासारखं विचारायची, पाणी द्यायची आणि वाट लावायची. बोलायचं असेल तर कुपाटीपाशी. ती पलीकडून, आपण अलीकडून. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. काट्यांतून फक्त आवाज यायचा, आणि कधी ताकाचा तांब्या वरून.

"तोंड दिसलं की मानूस खोटं बोलतंय," ती म्हणायची. "समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलतंय की. आवाजाला कसलं आलंय तोंड?"

मी दहावीला गणितात नापास झालो ते घरी सांगण्याआधी कुपाटीला सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता तंबाखू मळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग? बापाला सांगायला म्या येऊ का तू जातूस?" पुढं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागलो, लग्न झालं, मधे एकदा कारखाना बंद पडला आणि मी घरात तीन आठवडे डबा घेऊन कामाला जातोय असं भासवत शेतावर येऊन बसत होतो. तेही कुपाटीलाच सांगितलं. बायकोला नंतर. आक्कानं त्यातलं काही कधी गावात नेलं नाही, आणि एरवी तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

मग वडील गेले आणि शेत माझ्याकडे आलं. मी डाळिंब लावलं. सुट्टीच्या दिवशी सोलापुरातून गाडी काढायची, संध्याकाळपर्यंत बागेत काढायचं, परत. आजूबाजूचे सगळेच तेव्हा बांध साफ करत होते. दिवसभर मशीन चालायची. लोक मोबाईलवर आपापल्या प्लॉटचे फोटो टाकायचे, एकसलग, सरळ रेषा, काडी नाही. बागेचा सल्ला देणारा एक जण यायचा. तो म्हणाला, "साहेब, या काट्यांत कीड वसते. शिवाय दोन ओळी बसतील एवढी जागा खाल्लीय हिनं." खरं सांगू? मला किडीचं काही वाटलं नव्हतं. मला तो फोटो हवा होता. माझ्या प्लॉटचा फोटो काढला की एका बाजूला ते रानटी, वेडंवाकडं, धुळीनं माखलेलं प्रकरण यायचंच. कारखान्यातल्या लोकांना दाखवताना मी फोटो त्या बाजूनं कापायचो.

मी आक्काला विचारलं होतं. नाही असं नाही. कुपाटीपाशी उभं राहूनच विचारलं.

"काढू या का गं ही? तारेचं कुंपण मी घालतो, माझ्या खर्चानं."

पलीकडून आवाज आला: "तार म्हंजे पोलीस ठाणं. त्येला शेजार म्हनत न्हाईत."

मी मोजणी मागवली. मोजणीवाला आला, त्यानं सांगितलं की हद्द कुपाटीच्या बरोबर मधून जाते, म्हणजे अर्धी माझी. त्याला पलीकडं जायचं होतं. म्हणाला, जरा वाट करा. आक्का पलीकडून ओरडली, "कुपाटीला दार नसतंय! वळसा घालून या!" तो बिचारा भर उन्हात साखळी खांद्यावर टाकून ओढ्याकडून वळसा घालून गेला. तोवर ती वस्तीकडच्या टोकानं वळून या बाजूला येऊन उभी. तो पलीकडून हाका मारतोय, ही इकडं. शेवटी घाम पुसत परत आल्यावर त्यानं तिला हद्द समजावली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शर्टाची बाही वर सारून स्वतःचा हात माझ्यापुढं धरला. कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे.

"अर्धी तुजी हाय म्हंतोय न्हवं ह्यो? मग ह्यातलं अर्धं काटं तू काढ."

मोजणीवाला हसला. मीही हसलो. पण "अर्धी माझी" एवढंच मी घरी घेऊन आलो.

तिला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदू. उजवाही अंधूकच. मुलगी कुर्डुवाडीला बोलवत होती, ही जाईना. मी म्हणालो, माझ्याकडं चल, सोलापुरात करू. हे म्हणालो तेव्हा माझ्या मनात काळंबेरं नव्हतं, एवढं तरी मला स्वतःबद्दल म्हणू द्या. तारीख मिळाली आणि त्याच संध्याकाळी, घराच्या जिन्यात, मनात आलं की आक्का वस्तीवर नसण्याचे हे पहिलेच दिवस. वर पोचेपर्यंत मी ड्रायव्हरला फोन लावला होता.

ड्रायव्हर शेजारच्या गावचा. तरुण माणूस, स्वतःची मशीन, आई आणि तो. त्यानं फोनवर विचारलं, "वो आक्का को मालूम है ना, साहेब?" मी हो म्हणालो. कामाच्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा फोन केला. "साहेब, म्हातारीला खरंच म्हायती हाय न्हवं? लई जुनी दिसती कुपाटी." मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. आत तिला गाऊन घालत होते आणि ती नर्सला म्हणत होती, "शर्ट काढणार न्हाय म्या." मी फोनवर पुन्हा हो म्हणालो.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा लागला. तिनं पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या बायकोला.

"अगं, तू काळी हायस की! मला इतकी वर्सं वाटलं, गोरी हाय."

बायको हसून हसून बेजार झाली. घरात आनंद होता. आक्का गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली बघायची. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर काचा रोवल्या आहेत, त्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हितं भिंतीला बी काटं लावत्यात व्हय? पर बोरं न्हाय लागत." आणि रोज विचारायची, "घरला कवा सोडतूस?" मी म्हणायचो, धूळ लागायला नको, डॉक्टर म्हणालेत. डॉक्टर तसं म्हणाले होते, पण माझ्याइतक्या वेळा नव्हे.

शेवटी नेलंच. गाडी बांधाशी थांबवली. ती उतरली, चार पावलं पुढं गेली आणि थांबली. समोर तिच्या ज्वारीच्या मोकळ्या रानातून थेट माझी बाग दिसत होती, आणि बागेतून पलीकडचा रस्ता, रस्त्यावरचे ट्रक. तिनं काळा चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला. मग एक हात पुढं करून चार पावलं आणखी गेली, अंधारात भिंत चाचपावी तशी.

मग मागं वळून म्हणाली, "डाक्टरला फोन लाव रं. ऑपरेशन बिघडलं."

मला हे वाक्य विसरता येत नाही. कारखान्यात मशीनच्या खडखडाटात ऐकू येतं. आत्ता लिहितानाही मी दोनदा उठून घरातल्या घरात चकरा मारून आलो. आपला डोळा फसेल पण कुपाटी जाणार नाही, अशी तिची खात्री होती.

त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नव्या डोळ्यानं, आणि मी म्हणालो, "आक्का, डोळा चांगला आहे. ड्रायव्हरची चूक झाली. त्याला ओढ्याकडचा बांध सांगितला होता."

तिनं आरडाओरडा केला नाही. रानात कुणाची कोंबडी शिरली तरी कोंबडीच्या मालकिणीला कानडीत सात पिढ्या ऐकवणारी बाई, ती खाली बसली आणि उकरलेल्या मातीत सागरगोटे शोधू लागली. सापडतील ते शर्टाच्या खिशात टाकत राहिली.

पुढचे महिने वाईट गेले, आणि वाईट अशासाठी की माझं सगळीकडं कौतुक चाललं होतं. "डोळं दिलं माज्या शेजाऱ्यानं," ती भेटेल त्याला सांगायची, आणि त्याच श्वासात ड्रायव्हरला शिव्या. रानडुकरं येऊ लागली म्हणून तिनं कुपाटीच्या जागी काठ्या रोवून जुनी लुगडी बांधली. वाऱ्यानं ती दिवसभर फडफडायची. माझ्या बागेत रस्त्याची धूळ येऊ लागली, उन्हाळी वाऱ्यानं फूलगळ झाली, पण ते राहू द्या. तो हिशोब करून माफी मागितली असती तर ती नुकसानीची माफी झाली असती.

एकदा मी लुगड्यांच्या अलीकडे उभा राहिलो. म्हटलं, आज सांगायचं. ती पलीकडं खुरपत होती. मला बघून उठली. आम्ही दोघं एकमेकांकडं नुसते बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "आता आपुन बोलायचं कुटं रं?" आणि परत खुरपायला बसली. मी गाडीत येऊन बसलो. ज्या एका जागी मला खरं बोलता यायचं, ती जागाच मी जेसीबीनं उकरून टाकली होती.

मग मी तिला साडी नेली. सीताफळाची रोपं नेली. चष्म्याचा नंबर काढून दिला. तिनं सगळं घेतलं आणि मला आशीर्वाद दिला. प्रत्येक आशीर्वादानंतर मी आठवडाभर नीट झोपलो नाही.

मार्गशीर्षात ड्रायव्हरचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच अवघड गेलं. "साहेब, तुमच्या गावात मला आता कोण बोलवत न्हाय. ते जाऊ द्या. पण काल माझी अम्मी बाजारात गेली होती, तर आक्कानं तिला भर बाजारात बोलून सोडलं. पोराला काय शिकवलंस म्हणून. अम्मी घरी येऊन मलाच विचारती, बेटा, तूने ऐसा क्यूं किया? मी काय सांगू? तुमी बोला की एकदा."

बोलतो, म्हणालो. पुन्हा हो.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. आक्का मला माफ केलं असं कधीच म्हणाली नाही. ती स्वतः चालत ड्रायव्हरच्या गावी गेली, त्याच्या आईच्या दारात बसली आणि चहा पिऊन आली. काय बोलल्या ते दोघींनाच माहीत. माझ्याशी ती पाऊस येईपर्यंत बोलली नाही. मृग लागल्यावर निरोप आला: शेराच्या फांद्या आण, आणि ये. मी डाळिंबाची कडेची ओळ काढली आणि तिथं आम्ही शेर लावला. मी खड्डे घेत होतो, ती उभी राहून शिव्या देत होती. त्या मला होत्या की शेराला, मी विचारलं नाही. आता आक्का नाही. तिचं शेत मुलीनं वाट्यानं दिलं आहे, आणि कुपाटी माझ्या कमरेपर्यंत आली आहे. पलीकडचा माणूस अजून दिसतो.

पण मला सांगायचं आहे ते येळवशीचं. आमच्याकडे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. जेवणाआधी आंबील शिंपडत उभ्या पिकाला वेढा घालायचा. त्या वर्षी आक्कानं अर्ध्या गावाला बोलावलं होतं. ड्रायव्हरचा फोन होऊन आठवडा झाला होता. मी सोलापुरातून निघतानाच ठरवलं होतं की जेवण झाल्यावर तिला बाजूला घेऊन सांगायचं. बाजूला. कुणाला ऐकू जाणार नाही असं.

आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, कुणी धरायची यावरून थोडी थट्टा चालली होती. आक्का म्हणाली, "ह्येच्याजवळ द्या. डोळं दिल्याला मानूस हाय." मी बिंदगी उचलली. ती पुढं, हातात डहाळी, मागं मी, मागं गाव. ज्वारी हुरड्यात आली होती. ती शिंपडायची, आरोळी द्यायची, मागचे लोक उत्तर द्यायचे. ओढ्याकडची बाजू झाली, वस्तीची झाली आणि आम्ही लुगड्यांपाशी आलो.

तिथं ती थांबली. डहाळी खाली ठेवली. बिंदगीत हात घालून तिनं मूठभर आंबील घेतली आणि मूठ वर उचलली. मागचे लोक जागच्या जागी थांबले. आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, येळवशीला बोललेलं लागतं.

"जेनं माजी कुपाटी मोडली," आक्का म्हणाली, "त्या डायवरच्या घरात..."

"आक्का, थांब."

"बाजूला हो तू."

मी बिंदगी खाली ठेवली आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. आडोसा काही नव्हता. तिचा बरा झालेला डोळा थेट माझ्या तोंडावर होता, आणि मागं सगळं गाव. इतके महिने मी मनात जी वाक्यं जुळवली होती ती शहरातली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"त्येला काय बोलू नगंस आक्का. त्येच्या आईला बी नगंस. त्येनं मला दोनदा इचारलं, म्हातारीला म्हायती हाय का म्हणून. दोन्ही बारीला म्याच व्हय म्हणालो. तुजं ऑपरेशन ठरलं, मग म्या मशीन सांगितलं. तू हितं नसावीस म्हणून."

तिच्या मुठीतून आंबील मनगटावर, शर्टाच्या बाहीत गळत होती. मागं कुणीतरी खाकरलं. तिची मूठ अजून वरच होती, म्हणून मला पुढचंही बोलावं लागलं.

"तू फोन लाव म्हणालीस, ऑपरेशन बिघडलं म्हणून. तवा बी मला सांगता आलं असतं. तुज्या तोंडाकडं बघून खोटं बोललो. आता बोलायचं ते मला बोल, माज्या घराला बोल. चुकलो आक्का. मला माफ कर."